फटफटीचे फटाके

मराठीत पुष्कळशा वस्तूंस त्यांच्या आवाजावरून नाव मिळाले आहे. मोटारसायकलीस आपल्या वडिलांच्या पिढीने फटफटी म्हटले ते ह्याच रीतीने. आज तो शब्द वृद्ध मंडळींच्याच तोंडी उरला आहे, आणि गाड्याही पूर्वीसारख्या फटफट करीत नाहीत. तथापि वर्षानुवर्षे मुकाट चालणारी एखादी गाडी वेग कमी करतेवेळी अकस्मात् ह्या जुन्या नावास जागू लागते. रेस सोडताच मागच्या नळीतून फट्, फट्, फटाक् असे बार निघतात. रस्त्यावरील कुत्री पळतात, पुढे चाललेली म्हातारी दचकते, आणि घरी आल्यावर त्या आवाजावर प्रत्येकाचे स्वतंत्र मत ऐकू येते. कोणी म्हणतो पेट्रोल भेसळीचे, कोणी म्हणतो प्लग गेला, कोणी म्हणतो गाडी आता काढून टाकावी.

हा विषय कुटुंबाच्या मासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. आज एकत्र कुटुंबात एक-दोन मोटारसायकली असतातच, त्या घरातले चार जण चालवितात, सुना-लेकीही त्यांत आल्या, आणि दुरुस्तीचा खर्च मात्र एकाच थैलीतून निघतो. ह्या आवाजाचे निदान चुकले की त्या थैलीस भोक पडते, हे मी आमच्या वसईत अनेक घरी पाहिले आहे.

प्रथम आवाज केव्हा होतो हे नीट पाहावे. वसई रोड स्थानकाजवळ रेल्वेमार्गावरून जो उड्डाणपूल गेला आहे, तो ह्या परीक्षेस फार सोयीचा. चढताना इंजिनावर भार असतो, तेव्हा गाडी निमूट चढते. माथा ओलांडून उतारास लागताच चालविणारा मूठ सोडतो, गिअर तसाच असतो, आणि फटाके सुरू होतात. तळाशी येऊन गाडी पुन्हा ओढू लागली की ते थांबतात. आवाज एवढ्याच वेळी होत असेल, तर प्रस्तुत लेख त्याच विकाराविषयी आहे. चढावर, भरधाव ओढताना जर बार निघत असतील, तर ते प्रकरण निराळे. तेथे ठिणगी, व्हॉल्व्ह किंवा पेट्रोलाचा पुरवठा ह्यांकडे आधी वळावे. आणि आवाज मागून न येता कार्ब्युरेटराच्या बाजूने ठसका लागल्यासारखा येत असेल, तर तो तिसराच प्रकार होय. पुष्कळ कारागीर ह्या तिन्हींस ‘बॅकफायर’ ह्या एकाच नावाने संबोधितात. नाव एक झाले म्हणजे औषधही एकच दिले जाते, हा धोका आहे.

आता मूठ सोडल्यावर आत काय घडते ते पाहू. १८७६ साली निकोलाउस ओट्टो ह्या जर्मन गृहस्थाने चार फेऱ्यांचे जे इंजिन सिद्ध केले, त्याच तत्त्वावर आपल्या गाड्या आजही चालतात: मिश्रण आत ओढणे, दाबणे, पेटविणे, आणि जळलेला वायू बाहेर टाकणे. पेट्रोल पूर्णपणे जळावयास वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा ह्याहून अधिक झाली तर मिश्रण विरळ, कमी झाली तर दाट. मूठ सोडली की हवेचा दरवाजा जवळजवळ बंद होतो, पण मागचे चाक इंजिनास फरफटत फिरवीतच असते. दट्ट्या जोराने ओढतो, पण ओढावयास ताजे मिश्रण थोडे मिळते. त्यातच आधीच्या फेरीतला जळका वायू शिल्लक राहिलेला असतो. अशा मिश्रणात ठिणगी पडते खरी, पण ज्योत नीट धरत नाही. कधी अर्ध्यावर विझते, कधी लागतच नाही. न जळलेली पेट्रोलाची वाफ तशीच बाहेरच्या तापलेल्या नळीत जाते. तेथे तिला पुरेशी हवा भेटली की ती सिलिंडराबाहेर, सायलेन्सराच्या पोटात पेटते. तोच आपला फटाका.

म्हणजे फटाक्यास तीन गोष्टी लागतात: वाफ, उष्णता आणि हवा. धावून आलेल्या गाडीत पहिल्या दोन मूठ सोडताच कमीअधिक प्रमाणात हजर असतात, मग गाडी कितीही निरोगी असो. शोध घ्यावयाचा तो तिसरीचा. ही हवा दोन वाटांनी येऊ शकते. एक तर न पेटलेल्या मिश्रणाबरोबर आतूनच ती येते, किंवा नळीच्या एखाद्या सांध्यातून ती बाहेरून शिरते. निदानाचे सारे इंगित ह्या दोन वाटा वेगळ्या करण्यात आहे.

बाहेरून हवा शिरते हे ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटते. ज्या फटीतून धूर जोराने बाहेर येत आहे, तिच्यातून हवा आत कशी जाईल, हा प्रश्न मला चांगल्या शिकलेल्या माणसांनी विचारला आहे. त्याचा उलगडा आपल्याच स्थानकावर होतो. नायगावच्या फलाटावर उभे राहावे. लांब पल्ल्याची गाडी न थांबता धडधडत निघून जाते, आणि तिच्या पाठोपाठ कागदाचे कपटे, पाने, धूळ हे सर्व तिच्यामागे ओढले जाते. सायलेन्सरातून धूर नदीसारखा अखंड वाहत नसतो. तो झटक्याझटक्याने निघतो. प्रत्येक झटका पुढे गेला की त्याच्यामागे क्षणभर दाब हवेच्या दाबाहून कमी होतो, आणि त्या क्षणी सांध्यात फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. मूठ सोडलेली असताना निघणारा वायूही थोडा असतो, त्यामुळे ही चोरटी हवा विशेष प्रभावी ठरते.

आमच्या जुन्या शाळेत न्यायशास्त्राचा पहिला पाठ पर्वतावरच्या धुराचा असे. धूर दिसला म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमान खरे. पण अग्नी दिसला म्हणून धूर असलाच पाहिजे, हे खोटे, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. असा हेतू व्यभिचारी होय, म्हणजे तो कधी साध्याबरोबर राहतो, कधी सोडून जातो. ‘फटाके वाजतात, अर्थात् मिश्रण विरळ आहे’ हे गॅरेजातले आवडते वाक्य ह्याच जातीचे आहे. विरळ मिश्रणाने फटाके वाजतात हे खरे, कारण विरळ मिश्रण पेटण्यास नाखूष असते. पण सांधा गळत असेल तर मिश्रण अगदी बिनचूक असूनही फटाके वाजतात. चोक अडकला वा हवागाळणी मातीने बुजली तर मिश्रण दाट होते, आणि तेव्हाही वाजतात. मात्र हा आवाज तडतड नसून जड, धप्प असा असतो, आणि नळीच्या तोंडाशी काजळी साचते. तेव्हा एकट्या आवाजावरून निर्णय देणाऱ्यास मी पाहताक्षणी शंभरपैकी पस्तीसांच्या वर गुण देणार नाही.

ह्याचे एक उदाहरण आमच्याच घरचे आहे. माझा पुतण्या वसई गावातून पापडी, माणिकपूर, तो पूल आणि गोखिवरे ह्या वाटेने रोज वालीवच्या कारखान्यात जातो. त्याच्या दहा वर्षांच्या, कार्ब्युरेटर असलेल्या गाडीस एका पावसाळ्यानंतर हा विकार जडला. एका गॅरेजात प्रथम प्लग बदलला. आठ दिवसांनी कार्ब्युरेटर खोलून साफ केला. आवाज राहिलाच, तेव्हा स्क्रू फिरवून मिश्रण दाट केले. त्याने आवाज काहीसा दबला, आणि पुतण्यास वाटले की काम झाले. पुढे पेट्रोल अधिक लागू लागले, सकाळी गाडी काळा धूर सोडू लागली, आणि महिन्याभरात फटाके पुन्हा पूर्ववत् झाले. आता नवा कार्ब्युरेटर घालावा लागेल असे गॅरेजातून सांगण्यात आले. रात्री जेवणे आटोपल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला.

“काका, एवढा खर्च करण्यापेक्षा गाडी विकूनच टाकू का?”

“अरे, विकशील तेव्हा विक. आधी ती नळी इंजिनास जेथे जोडली आहे तेथे सकाळी उजेडात बघ, आणि मला सांग काय दिसते ते.”

सकाळी त्याने बघितले. नळी इंजिनाच्या डोक्यास जेथे मिळते, तेथे धातूवर काजळीची जिभेसारखी काळी खूण उमटली होती. दोहोंपैकी एक नट हाताने फिरत होता, आणि आतील पॅकिंगची कडी एका बाजूस जळून तुटली होती. नवी कडी घातली, दोन्ही नट समप्रमाणात आवळले, मिश्रणाचा स्क्रू मूळ जागी आणला, आणि फटाके थांबले. प्लग व कार्ब्युरेटर ह्यांचा काडीमात्र दोष नव्हता. त्या पॅकिंगची किंमत घरात कोणास लक्षातही राहिली नाही.

ही नळी कारागिरांच्या भाषेत बेंड पाइप. तिचा सांधा तपासणे हे घरच्या माणसाचेच काम आहे, त्यास शिकाऊ हातही पुरतो. इंजिन पूर्ण थंड असताना साबणाचे पाणी ब्रशाने सांध्यावर लावावे, गाडी सुरू करावी, आणि पहिल्या काही क्षणांतच बुडबुडे येतात का ते पाहावे. नंतर नळी तापून पाणी वाळून जाते. दुसरी परीक्षा याहूनही सोपी. थंड गाडी सुरू करून लगेच, हातात जाड हातमोजा घालून, सायलेन्सराचे शेपटाकडील तोंड ओल्या जाड फडक्याने दोन-तीन क्षण दाबून धरावे. सर्व सांधे घट्ट असतील तर इंजिन घुसमटून बंद पडू लागते. कोठे फट असेल तर तेथून फुसफुस ऐकू येते आणि इंजिन चालत राहते. हे सर्व उघड्या अंगणात करावे. जुन्या वाड्याच्या बोळात किंवा इमारतीच्या बंद वाहनतळात गाडी चालू ठेवून तपासणी करू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडास रंग नाही, वास नाही, आणि तो माणसास सावध न करता मारतो. पॅकिंगची कडी एकदा दबली की तिचे काम संपले. नळी जितक्या वेळा काढावी तितक्या वेळा ती नवीच घालावी. ही गोष्ट कारागिरास आपण होऊन सांगावी लागते, कारण जुनी कडी ‘चालते आहे’ म्हणून पुन्हा चढविण्याचा मोह सार्वत्रिक आहे.

बेंड पाइप जेथे सायलेन्सराच्या मोठ्या नळकांड्यात शिरतो तो दुसरा सांधा, आणि सायलेन्सराच्या तळाशी गंजाने पडलेली छिद्रे ही तिसरी जागा. आमच्या भागात ह्या तिसऱ्या जागेची कथा काहीशी विशेष आहे. एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी, मधे मिठागरे; हवेतच मीठ आहे. २०१८ च्या जुलै महिन्यात वसई-नालासोपारा परिसर कित्येक दिवस पाण्याखाली होता, आणि त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचे सायलेन्सर पुढे वर्षभर एकामागून एक फुटत गेलेले मी पाहिले. पण पुराखेरीजही एक कारण आहे, ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एक लिटर पेट्रोल जळले की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी निर्माण होते. लांबच्या प्रवासात नळी तापून ते वाफेच्या रूपाने निघून जाते. आपल्याकडील हजारो गाड्यांचा दिनक्रम कसा असतो? आगाशीहून विरार स्थानक, निर्मळहून नालासोपारा स्थानक, पाच-सात किलोमीटर जावयाचे, गाडी स्थानकाजवळ लावून लोकल धरावयाची, आणि रात्री तेवढेच परतावयाचे. सायलेन्सर पुरता तापतच नाही. आतले पाणी आतच राहते, आणि त्यात धुरातली आम्लता मिसळून लोखंड आतून खाल्ले जाते. बाहेरून चकचकीत दिसणारा सायलेन्सर बोटाच्या टिचकीने पोकळ वाजतो तो ह्यामुळे. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास सलग पळवावी, हा उपाय फुकटचा आहे.

सांधे निर्दोष ठरल्यावर आणखी एका ठिकाणी पाहावयाचे राहते, आणि तेही कार्ब्युरेटर उघडण्यापूर्वी. धुरातील विषारी वायू कमी करण्यासाठी पुष्कळ गाड्यांत कारखान्यानेच एक लहानशी नळी दिलेली असते. ती स्वच्छ हवा मुद्दाम धुराच्या वाटेत सोडते, जेणेकरून उरलेली वाफ तेथे हळूहळू जळून जावी. अर्थात् मूठ सोडल्यावर ही हवा चालू राहिली तर फटाके वाजणारच. म्हणून त्या वेळी ती बंद करणारा एक पडदा असतो, आणि तो पडदा इंजिनाच्या ओढीने, एका बारीक रबरी नळीद्वारे हलतो. ती रबरी नळी वाळून चिरली, किंवा धुताना निघून आली, की हवा बंद होत नाही. येथे अन्वय-व्यतिरेकाची रीत सुंदर लागू पडते. हवेची वाट थोडा वेळ तात्पुरती बुजवून गाडी उतारावरून न्यावी. आवाज गेला, आणि वाट मोकळी करताच परत आला, तर दोषी सापडला. मात्र ती कायमची बुजवून ठेवू नये. धूर शुद्ध करण्याचे तिचे काम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी हे ह्या रीतीचे मर्म होय. प्लग, स्क्रू आणि गाळणी एकाच दिवशी बदलली, तर गुण कशाने आला हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही.

मग कार्ब्युरेटर. मूठ बंद असताना पेट्रोल ज्या सूक्ष्म छिद्रातून येते त्यास पायलट जेट म्हणतात. गाडी पावसाळाभर उभी राहिली, टाकीत गंज वा पाणी उतरले, की हे छिद्र अर्धवट बुजते, आणि नेमक्या मूठ सोडलेल्या स्थितीतच मिश्रण विरळ होते. ते द्रावणाने आणि हवेच्या झोताने साफ करावे. तार घालून कोरू नये, कारण छिद्र किंचित् मोठे झाले तरी त्याचे माप कायमचे बिघडते. कार्ब्युरेटर आणि इंजिन ह्यांमधील रबरी नळीस चिरा पडल्या असतील तर तेथूनही हवा शिरते. अशा वेळी गाडी उभी असतानाची चाल वरखाली होते, ही तिची खूण. काही कार्ब्युरेटरांत, मूठ सोडताच मिश्रण आपोआप दाट करणारा एक पातळ पडदा असतो, तोही फाटतो.

स्क्रूविषयी एक गोष्ट प्रत्येक चालविणाऱ्यास ठाऊक असावी, कारण तिच्या अज्ञानामुळे उलटे उपचार होतात. मिश्रणाचा स्क्रू इंजिनाच्या बाजूस असेल तर तो पेट्रोलाचा. बाहेर फिरविल्याने मिश्रण दाट होते. तो हवागाळणीच्या बाजूस असेल तर हवेचा. बाहेर फिरविल्याने मिश्रण विरळ होते. हात लावण्यापूर्वी तो हलकेच आत बसवून किती फेरे होता ते कागदावर लिहून ठेवावे, मग तितकाच परत आणून, इंजिन गरम असताना पाव-पाव फेऱ्याने शोध घ्यावा.

येथे पेट्रोलाचाही विचार करावा लागतो. २०२५ पासून आपल्या पंपांवरील पेट्रोलात सुमारे २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलाच्या अंगातच प्राणवायू असल्यामुळे अशा पेट्रोलास जळण्यासाठी हवा कमी लागते, १४.७ च्या ऐवजी साडेतेराच्या आसपास. संगणकावर चालणाऱ्या नव्या गाड्या हे ओळखून आपला पुरवठा वाढवितात. जुन्या कार्ब्युरेटराचे छिद्र मात्र जेवढे आहे तेवढेच राहते, म्हणून त्याचे मिश्रण थोडे विरळ पडते. जी गाडी आधीच सीमेवर होती, ती ह्याने सीमा ओलांडू शकते. पण सर्व फटाक्यांचे खापर इथेनॉलावर फोडण्याची जी टूम निघाली आहे, ती मला पटत नाही. त्याच पंपावरचे पेट्रोल पिणारी शेजारची जुळी गाडी गप्प असेल, तर दोष आपल्या गाडीत शोधणे बरे. इथेनॉल पाणी शोषून घेते, हे मात्र आमच्या दमट हवेत लक्षात ठेवण्याजोगे आहे; महिनोगणती उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीने ठेवू नये.

व्हॉल्व्हांचे प्रकरण थोडक्यात सांगतो, पण ते सर्वांत महाग आहे. टॅपेटचे अंतर सैल झाले तर टकटक ऐकू येते, आणि लोक धावत कारागिराकडे जातात. ते घट्ट झाले तर काहीच ऐकू येत नाही. गाडी अधिकच शांत वाटते. पण धुराचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, पेटते वायू त्याच्या कडेवरून निसटतात, कड जळत जाते, आणि त्यातूनही फटाके निघतात. जळलेला व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाचे डोके उतरविणे आले. म्हणून इतर सर्व ठीक असेल तर, थंड इंजिनावर, गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेतील मापाने टॅपेट तपासून घ्यावे. प्लगही त्याच वेळी काढून पाहावा: विटकरी-तपकिरी असेल तर उत्तम, पांढराफटक असेल तर विरळ मिश्रणाची शंका, काळा कोरडा असेल तर दाट.

दर वर्षी जी पीयूसीची चिठ्ठी आपण काढतो, ती पोलिसास दाखविण्यापलीकडेही उपयोगी आहे. तिच्यावर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेल्या हायड्रोकार्बनाचे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा मागच्या चिठ्ठीपेक्षा बराच वाढला असेल तर मिश्रण दाट झाले आहे. दुसराच वाढला असेल तर पेट्रोल न जळता बाहेर जात आहे. जुन्या चिठ्ठ्या फेकून न देता फायलीत लावून ठेवाव्या. फक्त सांधा गळत असेल तर हे आकडे फसवे निघतात, कारण शिरलेली हवा धूर पातळ करते. यास्तव सांध्याची परीक्षा आधीच व्हावयास हवी.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे नियम लागू झाले, आणि तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर नाही. संगणक मोजून पेट्रोल फवारतो. उतारावर मूठ सोडली की पुष्कळदा तो फवारा मुळी बंदच करतो. मग अशा गाडीत फटाके वाजू लागले तर ते कार्ब्युरेटराच्या गाडीपेक्षा अधिक गंभीरपणे घ्यावे. सांधा गळत असेल तर तेथील प्राणवायू मोजणारे यंत्रही फसते, मिश्रण विरळ आहे असे समजते, आणि संगणक व्यर्थ अधिक पेट्रोल ओततो. शिवाय ह्या गाड्यांच्या नळीत धूर शुद्ध करणारे जे जाळीदार उत्प्रेरक बसविलेले असते, ते आत पेटणाऱ्या वाफेने अतिशय तापून निकामी होते, आणि त्याची किंमत पॅकिंगच्या कडीची नसते.

तरुणांनी हौसेने बदललेले सायलेन्सर हा विषय टाळता येत नाही. आतील जाळी काढून टाकली, किंवा मोकळ्या तोंडाचा सायलेन्सर लावला, की जे बार आत दबले गेले असते ते सर्व बाहेर ऐकू येतात. शिवाय मोकळ्या नळीतून शेपटाकडूनही हवा मागे शिरते. अर्नाळ्याच्या रस्त्यावर रविवारी हे ‘संगीत’ भरपूर ऐकावयास मिळते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) अन्वये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, आवाज व धुराची मर्यादा मोडणाऱ्यास पहिल्या अपराधाबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि तीन महिने परवानाही जातो. घरातील मुलाने असा सायलेन्सर आणला असेल, तर निदानाचे कष्ट घेऊ नयेत. जुना परत लावावा. बहुतेक वेळा विकार तेथेच संपतो.

वृद्ध मंडळींपैकी काहीजण म्हणतात की आमच्या वेळच्या गाड्या अशाच वाजत, त्यात विशेष काय? त्यांचे कान खोटे बोलत नाहीत. १९७२ मध्ये आलेला बजाजचा चेतक काय, किंवा राजदूत काय, ही दोन फेऱ्यांची इंजिने होती. मूठ सोडल्यावर ती एक वेळ पेटणे, दोन वेळा न पेटणे अशाच अनियमित चालीने वाजत, आणि तो त्यांचा स्वभावच होता. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० ही चार फेऱ्यांची गाडी घरोघर येऊ लागली, तेव्हापासून शांत उतार हा नियम झाला. मोठ्या सिलिंडराच्या बुलेटसारख्या गाडीत, लांब उतारावर, एखादा मऊ बुडबुड्यासारखा आवाज आजही स्वाभाविक समजावा. तो नव्याने सुरू झाला, दिवसेंदिवस वाढला, किंवा धारदार झाला, तरच पाना हाती घ्यावा.

आणि सायलेन्सराच्या तळाशी शेपटाकडे टाचणीने पाडल्यासारखे एक लहान छिद्र काही गाड्यांस असते. सकाळी त्यातून पाण्याचे थेंब गळतात. ते गळती समजून कित्येकजण लाखेने बुजवून घेतात. आतले पाणी निघून जावे म्हणून कारखान्यानेच ते पाडलेले असते. इतक्या मागे असल्यामुळे त्याने फटाके वाजत नाहीत. पावसाळ्याच्या आरंभी ते चिखलाने बुजले नाही ना, एवढे मात्र बघून ठेवावे.